उतारावर बसलेल्या दोघी

लेफ्रूनला सतराव्या वर्षी स्टूरकाठच्या राजाला दिली. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात त्या राजाच्या माणसांनी तिच्या थोरल्या भावाला आमच्या मिठागराच्या बांधावर मारलं होतं. लढाई दोन्हीकडच्यांना झेपेनाशी झाली, तेव्हा बिशप मध्ये पडले आणि सोयरीक ठरली. मी डुन्ना, तिच्या दाईची मुलगी, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्याबरोबर कोण जाणार हे कुणी मला विचारलं नाही. माझी पेटी आईने आधीच बांधून ठेवली होती.

दोन दिवस होडीने आणि चार दिवस बैलगाडीने आम्ही गेलो. टिलहेर राजा चाळिशीचा होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, तिचा सहा वर्षांचा मुलगा बेर्नरेड. राजा दिसायला उग्र, पण बोलणं कमी आणि जेवणाचा शौकीन. त्या घरात राजाच्या बायकोला राणी म्हणत नसत. ‘राजाची बाई’ म्हणत. का, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मागघरातल्या, म्हणजे विणकामाच्या दालनातल्या, बायकांनी आम्ही पोचल्या दिवशीच लेफ्रूनचं नाव ‘मासळी’ ठेवलं, कारण आम्ही समुद्राकडच्या. मी बरोबर असले की त्या म्हणायच्या, “आली मासळी, आणि मागून तिचं शेपूट.”

लग्नाच्या सकाळी मी त्याच मागघरात झालर शिवत बसले होते. बायका बोलत होत्या, आणि मी ऐकतेय याची त्यांना पूर्ण जाणीव होती. तिथे मला कळलं की लेफ्रूनच्या भावाला, वुल्फमेरला, ज्याने मारलं तो डॅगमुंड हा राजाचा पहिला सरदार आहे. म्हणजे दुपारच्या जेवणात राजाच्या उजव्या हाताला तोच बसणार. आणि नव्या नवरीने मधाच्या दारूचा पेला आधी राजाला आणि लगेच त्याला न्यायचा.

मी जाऊन लेफ्रूनला सांगितलं. ती केस विंचरत होती. तिने विचारलं, तो दिसतो कसा? मी म्हटलं, एक डोळा नाही, दाढी तांबडी. तिने फणी खाली ठेवली. मग म्हणाली, “पेला जड आहे का गं? दोन्ही हातांनी धरावा लागेल?”

जड होता. आम्ही दोघींनी तो पाण्याने भरून उचलून पाहिला.

दुपारी दालनात दीडशे माणसं होती. लेफ्रूनने राजाला पेला दिला, तो प्यायला. मग ती डॅगमुंडसमोर गेली आणि थांबली. सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे सगळे बघत होते. वाढणारेही जागच्या जागी उभे राहिले. डॅगमुंडने हात पुढे केला, पण तिने पेला सोडला नाही.

“माझ्या भावाचं नाव वुल्फमेर होतं,” ती म्हणाली. आवाज साधाच होता, मीठ मागावं तसा. “ते नाव घ्या आणि प्या.”

डॅगमुंडने राजाकडे पाहिलं. राजाने कुणाकडेच पाहिलं नाही. शेवटी डॅगमुंड उठून उभा राहिला, “वुल्फमेरच्या नावाने,” असं म्हणाला आणि पेला रिकामा केला. बसताना त्याच्या दाढीवरून थेंब ओघळत होते. लेफ्रूनने पेला भरून घेतला आणि पुढच्याकडे गेली.

राजाला हे आवडलं नसावं. दुसऱ्या सकाळी नवऱ्याने बायकोला तिच्या एकटीच्या नावाची जमीन द्यायची असते. त्याने तिला ‘तीन झरे’ नावाची टेकडी दिली. खाली दलदल, वर खडक, दोनच घरं, आणि त्यातल्या एकाचं छप्पर गेलेलं. मागघरात दिवसभर हसणं चाललं होतं. लेफ्रूनने बिशपांकडून त्याचा कागद करून घेतला, चारी बाजूंच्या खुणा त्यात लिहवून घेतल्या आणि कागद माझ्या पेटीत ठेवायला दिला. तिच्या पेटीत लोक हात घालतात, माझ्या पेटीत कोण बघतंय, असं तिचं म्हणणं.

त्यानंतरची अठरा वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेक कामातच गेली. पहिली दोन वर्षं मूल नव्हतं. मग सेवारा झाली, मुलगी. तिच्यानंतर दोन मुलगे झाले, त्यातला एक तीन दिवस जगला आणि दुसरा पाच महिने. त्यानंतर काही नाही. बेर्नरेडने तिला कधी आई म्हटलं नाही. तिच्या हातचं तो खात नसे. तिने भाकरी पुढे केली तर ती टेबलावर ठेवायला सांगे आणि मग उचले. दहा वर्षांचा असताना तो तिला म्हणाला होता की तुम्ही मला आवडत नाही, आणि मोठा झालो तरी आवडणार नाही. तिने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं की तुझं तुलाच वाटतं? तो म्हणाला, माझं मलाच वाटतं. मग ठीक आहे, असं म्हणून ती विणायला लागली.

तिची सत्ता वाढली ती गवतासारखी. बघत बसलं तर वाढताना दिसत नव्हती. सरदारांच्या मुली ती मागघरात शिकायला ठेवून घ्यायची. चार-पाच वर्षांत त्यांची लग्नं व्हायची, आणि मग राज्यातल्या निम्म्या घरांत काय शिजतंय ते तिला कळायचं. कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते ती ठरवायची. दोन माणसांचं बांधावरून भांडण असलं की ती त्यांना तीन जेवणं एकाच बाकावर बसवायची, आणि चौथ्या जेवणाला एकाला वर आणि दुसऱ्याला खाली. मग खालचा आपण होऊन बोलायला यायचा. तीन झऱ्यांवर तिने मेंढ्या घातल्या, दलदलीत चर खणवले. दहाव्या वर्षी तिथली लोकर समुद्रापलीकडे जायला लागली. मागघरातलं हसणं त्याच्या बरंच आधी थांबलं होतं. तोवर दूरचे लोक तिला राणी म्हणायला लागले होते. घरातल्यांनी त्यांना कधी टोकलं नाही, पण स्वतः म्हटलंही नाही.

डॅगमुंडचं एक प्रकरण मात्र सांगायला हवं. तेराव्या वर्षी राजा त्याच्यावर भडकला. डॅगमुंडच्या ताब्यातला एक ओलीस पळाला होता, आणि डॅगमुंडनेच त्याला सोडलं असं कुणीतरी राजाच्या कानात भरवलं. जमीन काढून घेऊन त्याला हद्दपार करायचं जवळपास ठरलं. डॅगमुंड मागघरात आला. दारातच उभा राहिला, आत यायला धजेना. लेफ्रूनने त्याला बस म्हटलं नाही. त्याने सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, तीन-चार प्रश्न विचारले आणि जायला सांगितलं. आठ दिवसांनी राजाचा राग उतरला. तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही. दुपारी जेवण झाल्यावर राजा तिच्याशी बोलत बसे, त्या वेळात काही तरी झालं.

मी तिला विचारलं की त्या माणसासाठी तू का शब्द टाकलास? ती सूत गुंडाळत होती.

“वुल्फमेर मेलेलाच राहणार,” ती म्हणाली. “मग हा तरी माझ्या बाजूने जिवंत असलेला बरा.”

अठराव्या वर्षी शरदात टिलहेर राजा शिकारीत भिजला, ताप आला आणि बारा दिवसांत गेला. त्याच्या गादीवर हक्क सांगणारे दोघं होते. बेर्नरेड चोवीस वर्षांचा, अंगाने मजबूत, तोंडाने फटकळ, पाठीशी तरुण पोरांची फौज. दुसरा राजाचा चुलतभाऊ टाटविन. पन्नाशीचा, गोल गरगरीत, गोड बोलणारा, आणि भालेकरी बेर्नरेडच्या दुप्पट. सरदार अर्धे इकडे, अर्धे तिकडे. राजा गेल्यापासून तिसाव्या दिवशी त्याच्या नावाचं जेवण असतं. त्या जेवणात विधवेने पहिला पेला ज्याला दिला त्याला गादी मिळते, असा कायदा नव्हता. पण सरदार असे दुभंगलेले असले की त्यांना कुणीतरी वाट दाखवलेली हवी असते, आणि हे दोघांनाही कळत होतं.

आधी टाटविन आला. येताना सेवारासाठी अंबराची माळ घेऊन आला. तो म्हणाला, वहिनी, हे घर तुमचंच आहे, तुम्ही होतात तशाच बसा. सेवाराला तो आपल्या मुलासाठी करणार होता. तीन झऱ्यांशेजारचं रानही तिला देणार होता. बिशपांना नवं चर्च. डॅगमुंडला आणखी जमीन. त्याच्या बोलण्यात कुणीच रिकाम्या हाताने जात नव्हतं. लेफ्रूनने त्याला मधातली सफरचंदं खायला घातली आणि विचार करते म्हणून सांगितलं.

बेर्नरेड त्यानंतर तिसऱ्या दिवशी आला. मागघरात त्याने लहानपणानंतर पाऊल ठेवलं नव्हतं. लेफ्रूनने बायकांना बाहेर घालवलं, मला थांबवलं. तो उभाच राहिला आणि सरळ मुद्द्यावर आला. त्यांच्या घराण्यात जुनी चाल होती की नव्या राजाने जुन्याच्या विधवेशी लग्न करायचं. त्याने घर राहतं, खजिना राहतो आणि तिच्या माहेरचा तहही टिकतो. त्याला ते करायचं होतं. बिशप ओरडतील, पण त्यांचं बघून घेता येईल. आणि सेवाराला उत्तरेच्या ओसलाफ राजाला द्यायचं. पोरगी पंधराची झाली आहे आणि उत्तरेची सीमा गेली तीन वर्षं धुमसते आहे.

“तुम्हाला मी आवडत नाही,” लेफ्रून म्हणाली.

“नाही. पण त्याचा याच्याशी काय संबंध?”

ती थोडी हसली. मग तिने आपलं म्हणणं सांगितलं. पेला ती त्याला देईल. त्याने तिच्याशी लग्न करायचं नाही. तीन झऱ्यांवर ती मठ बांधेल आणि तिथेच राहील. त्या जमिनीला त्याने किंवा त्याच्या मुलांनी हात लावायचा नाही. तिच्या माहेरचा तह ती तिथे बसून सांभाळेल. आणि सेवाराला कुठेही द्यायचं झालं तर आधी बिशपांसमोर तिला विचारायचं, आणि ती आपल्या तोंडाने हो म्हणाली तरच द्यायचं.

पहिल्या दोन गोष्टींना बेर्नरेडने खांदे उडवले. तिसरीवर अडला.

“मुलीला विचारून? असं कोण करतं?”

“कुणीच नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं.”

“मग तुमचं काय वाईट झालं?”

लेफ्रूनने मांडीवरचं सूत सारखं केलं. मी खाली मान घालून टकळी फिरवत होते. बेर्नरेड खिडकीशी जाऊन आला. मग म्हणाला, टाटविन तुम्हाला याहून पुष्कळ जास्त देतोय, मला माहीत आहे. मग मलाच का?

“टाटविन सगळ्यांना सगळं देतो,” ती म्हणाली. “म्हणजे वर्षभरात कुणाकडून तरी काढून घेणार, आणि ज्याला पाठीशी कुणी नाही त्याच्याकडून आधी घेणार. तुम्ही अठरा वर्षं माझ्याशी वाईट वागलात, पण एकदाही खोटं बोलला नाहीत. तुम्ही शब्द दिलात तर मला झोप लागेल.”

त्याने शब्द दिला. कागदावर फुलीही केली, आणि तो कागद माझ्या पेटीत पहिल्याच्या शेजारी गेला.

तिसाव्या दिवशीच्या जेवणाला पाऊस पडत होता आणि दालनात धूर कोंडला होता. टाटविन निर्धास्त बसला होता. सफरचंदं त्याला चांगलं लक्षण वाटली असावीत. लेफ्रून पेला घेऊन निघाली, टाटविनसमोरून गेली आणि बेर्नरेडपुढे थांबली. त्याने पेला तिच्या हातातूनच घेतला. तो अजून पीत होता तेवढ्यात डॅगमुंड उठला. पासष्टीचा, गुडघे गेलेले. तरी तो चालत आला आणि बेर्नरेडसमोर एक गुडघा टेकून बसला. त्याच्यामागे त्याचे जावई, मग त्यांचे भाऊ. त्या जावयांच्या बायका लेफ्रूनच्या मागघरात वाढलेल्या होत्या. टाटविनने मोजलं असेल, कारण त्याने भांडण काढलं नाही. जेवण पुरं केलं, पोट दुखतंय म्हणून निघून गेला आणि नाताळच्या सुमारास येऊन शपथ घेऊन गेला.

वसंतात आम्ही तीन झऱ्यांवर राहायला गेलो. भिंती अर्ध्याच झाल्या होत्या. लेफ्रून त्या दिवसांत जितकी खुश दिसली तितकी मी तिला आधी पाहिली नव्हती. ती गवंड्यांशी हुज्जत घालायची, मेंढ्यांचे खूर तपासायची. सेवारा मात्र कंटाळलेली असायची. दिवसातून चार वेळा टेकडीवर जाऊन रस्त्याकडे बघायची.

मेंढ्या व्यायचे दिवस संपता संपता ओसलाफ राजाची माणसं आली. बरोबर बेर्नरेड आणि बिशप. ठरल्याप्रमाणे मठाच्या अंगणात सगळे उभे राहिले. बिशपांनी सेवाराला सांगितलं की उत्तरेचा ओसलाफ राजा, वय एकतीस, तुला मागणी घालतो. तू मुखत्यार आहेस. नको असेल तर नको म्हण, तुला कुणी काही करणार नाही. बेर्नरेडचं तोंड आंबट झालं होतं, पण तो गप्प उभा होता. लेफ्रून निवांत होती. बिशपांचं बोलणं होईपर्यंत तिने एका कोकराला बाजूला हाकललं.

“हो,” सेवारा म्हणाली.

बिशपांना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. ती पुन्हा हो म्हणाली, आता मोठ्याने.

लेफ्रून आधी चुलीकडे वळली. पाहुण्यांना जेवायला घातलं, वाफवलेली वाम, चीज, नवी भाकरी. ते गेल्यावर ती सेवाराला घेऊन लोकरीच्या खोलीत गेली. मी तिथेच होते, लोकर निवडत. तिने मुलीला विचारलं की तुला कुणी धमकावलं का? भावाने काही सांगितलं? सेवारा नाही म्हणाली.

“मग का? तो माणूस तू पाहिलासुद्धा नाहीस. तिथे तुझं कुणी नाही. तुझ्या पोरांना तुझ्याच भावाच्या माणसांनी मारलं तर पाहत बसावं लागेल, ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. तू रोज न बोलता तेच तर सांगतेस, आई.” सेवाराने हातातली लोकर खाली ठेवली. “पण दालनात तू आत आलीस की दीडशे माणसं गप्प व्हायची. मी लहानपणापासून ते बघत आले. इथे मेंढ्यासुद्धा गप्प होत नाहीत. मला तुझं ते हवंय. हे नकोय.”

“ते फुकट मिळत नाही.”

“तुला तर निवडता आलं नाही, तरी तू ते मिळवलंस. मी निवडून जातेय.”

लेफ्रून तिच्याकडे पाहत राहिली.  मग ती उठून झऱ्यावर गेली आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत तिथेच होती. रडली का, ते मला माहीत नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने मुलीला शिकवायला घेतलं. चाळीस दिवस होते. नव्या घरात पहिल्या महिन्यात कुणाचीही बाजू घ्यायची नाही. सगळ्यात आधी स्वयंपाकघरातल्या म्हातारीशी गोडी करायची, मग बिशपांशी, आणि नवऱ्याच्या आईशी सगळ्यात शेवटी. नवरा रागात असताना काही मागायचं नाही, आणि खुशीत असतानाही नाही. तो कंटाळलेला असताना मागायचं. जमिनीचा कागद स्वतःजवळ. प्रत्येक वर्षी मागघरातल्या एका तरी मुलीला चांगल्या घरी द्यायचं. सेवारा सगळं पाठ करायची. मध्येच दोघींचं भांडण व्हायचं, कारण सेवाराला वाटायचं की आईचं निम्मं शहाणपण आता जुनं झालंय. तिने तसं बोलूनही दाखवलं. लेफ्रून म्हणाली, मग निम्मं घे.

ती गेली. पत्रं यायची, वर्षाला दोन किंवा तीन. मुलगा झाला, दुसरा झाला, मग मुलगी. सासू अवघड आहे, पण तिचे दात दुखतात आणि मी तिला लवंगा मिळवून देते, असं एका पत्रात होतं. सहाव्या वर्षीच्या पत्रात प्रथमच तिने स्वतःच्या नावापुढे राणी लिहिलं होतं. लेफ्रूनने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं.

नवव्या वर्षी बेर्नरेड आणि ओसलाफ यांच्यात ठिणगी पडली. सीमेवरच्या एका चराऊ कुरणावरून सुरुवात झाली, मग गुरं पळवली गेली, मग दोन गावं जळली. ओसलाफ तीस टोळ्या घेऊन खाली आला, बेर्नरेड वर गेला. नदीच्या उताराच्या, म्हणजे पाण्यातून पायी ओलांडता येते त्या जागेच्या, दोन्ही काठांवर फौजा समोरासमोर येऊन बसल्या. पाणी जरा जास्त होतं, म्हणून कुणीच आधी उतरेना. असे चार दिवस गेले.

सेवाराचा निरोप तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचला. त्यात एवढंच होतं की मी उतारावर येतेय, तू पण ये. लेफ्रून तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तिची कंबर धरलेली होती. तिने बैलगाडी जोडायला सांगितली. मी म्हटलं, बेर्नरेडला आधी विचारायला नको का? ती म्हणाली, विचारलं तर त्याला नाही म्हणावं लागेल, कशाला त्याला अडचणीत घालायचं?

आम्ही पाचव्या दिवशी सकाळी पोचलो. नदीच्या मधोमध गोट्यांचं एक बेट आहे. पलीकडून सेवारा घोड्यावरून पाण्यात उतरली, बरोबर फक्त एक बाई. आमची गाडी या बाजूने पाण्यात गेली. दोन्ही काठांवर माणसं उठून उभी राहिली. बेर्नरेड ओरडून काहीतरी म्हणाला, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, किंवा लेफ्रूनने ऐकलं नाही असं दाखवलं. गाडी बेटावर लागली. मी गोट्यांवर घोंगडी अंथरली. दोघी बसल्या.

नऊ वर्षांत सेवारा भरली होती, पुढचा एक दात गेला होता. आईने आधी तो दात कधी पडला ते विचारलं. मग बराच वेळ मुलांचं चाललं. थोरल्याला खोकला आहे, मधला हट्टी, मुलगी अजून बोलत नाही. लेफ्रूनने आणलेली भाकरी आणि चीज दोघींनी खाल्लं. मग मठातल्या नव्या मेंढ्यांचं, त्यांना झालेल्या रोगाचं. दोन फौजा उन्हात उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर काही जण कंटाळून बसले, मग इकडचेही बसले. एकाने पाण्यात पाय सोडले. दुपारपर्यंत दोन्हीकडे चुली पेटल्या होत्या.

कुरणाचा विषय दुपारनंतर निघाला, आणि तो अर्ध्या तासात संपला. दोघींना जमीन माहीत होती. सेवारा म्हणाली, ओसलाफला कुरण नकोय, त्याच्या माणसांना बेर्नरेडने चोर म्हटलं ते त्याला झोंबलंय. लेफ्रून म्हणाली, बेर्नरेडला कुरण हवंय, पण शब्द परत घ्यायला तो तयार होईल, कारण ती माणसं चोर नव्हती हे त्याला कळलंय आणि खोटं त्याला सोसत नाही. मग असं ठरलं की कुरण बेर्नरेडचं, त्यातला पाणवठा दोघांचा, आणि बेर्नरेडने शब्द सगळ्यांसमोर परत घ्यायचा. जळलेल्या गावांना ज्याने जाळलं त्याने लाकूड द्यायचं.

दोघी उठल्या आणि आपापल्या काठाला गेल्या. बेर्नरेडने ऐकून घेतलं. त्याचं तोंड लाल झालं.

“चार दिवस मी इथे बसलोय,” तो म्हणाला. “आणि तुम्ही भाकरी खात ठरवलंत?”

“चीजही होतं,” लेफ्रून म्हणाली.

तो चिडणार असं मला वाटलं. पण तो मान हलवत दूर गेला, आणि थोड्या वेळाने पाण्यात गुडघाभर उतरून त्याने पलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शब्द परत घेतला. तो तह चौदा वर्षं टिकला. ओसलाफ आजारपणाने गेल्यावरही टिकला, कारण सेवाराच्या थोरल्याने तो मोडला नाही.

डॅगमुंड त्याच्या आधीच म्हातारपणाने गेला होता. मरण्यापूर्वी त्याने मठात माणूस पाठवून विचारलं होतं की बाईसाहेबांनी मला माफ केलं का? लेफ्रूनने निरोप धाडला की हो. मी नंतर तिला खरं काय ते विचारलं. ती म्हणाली की मला आता नीट आठवत नाही, मध्ये फार कामं होती.

लेफ्रून एकोणसाठाव्या वर्षी गेली. पोटात गाठ झाली होती. शेवटचे दोन महिने तिला फक्त दूध चालायचं. मठात तेव्हा बेचाळीस बहिणी होत्या. त्यातल्या अकरा जणी सरदारांच्या विधवा. त्या नवऱ्याच्या वारसांशी लग्न टाळून इथे आल्या होत्या, आणि बेर्नरेडने त्यांना परत मागितलं नव्हतं. तो दफनाला आला. माती टाकली आणि गेला.

सेवारा महिन्याभराने पोचली, बर्फाने रस्ता अडला होता म्हणून. पहिल्या दिवशी ती थडग्यापाशी बसली. दुसऱ्या दिवशी तिचं नव्या मठाधिकारिणीशी वाजलं, कारण तिला आईचं शव उत्तरेला न्यायचं होतं आणि मठ देईना. तिसऱ्या दिवशी तिने तो हट्ट सोडला. मग माझ्या खोलीत आली. मी बासष्ट वर्षांची होते आणि उन्हात बसून शेंगा सोलत होते. तीही शेजारी बसून सोलायला लागली.

“डुन्नामावशी,” ती म्हणाली, “माझ्या घरी आईला ओळखणारं कुणीच नाही. तू येतेस?”

मी म्हटलं, मला थंडी सोसत नाही. ती म्हणाली, चुलीजवळची खोली देईन. मी म्हटलं, तुमच्याकडची भाकरी ओटची असते, ती मला पचत नाही. ती म्हणाली, गहू मागवीन. आणखी काही अडचण सांगायला मला सुचेना.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. वाटेत नऊ दिवस लागले, आणि हवा चांगली होती.